साडेतीन तासांचं अंतर

"मग मी काय ठरवू?" शुभदाने पुण्याहून विचारलं.

"तुला बरं वाटेल तसं कर," कुमार जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या स्वयंपाकघरातून म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात कुमार देवस्थळीने बायकोला बरीच चुकीची वाक्यं ऐकवली होती, पण इतकं चुकीचं वाक्य त्याला पूर्वी कधी साधलं नव्हतं. त्यातून त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा विसावा वाढदिवस होता. मग शुभदा "बरं" म्हणाली, तिने लेकीच्या, ओवीच्या, शाळेची चौकशी केली आणि फोन ठेवला.

प्रकरण असं होतं. शुभदाचे वडील श्यामकांत यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती मे महिन्यात सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेली होती. आता ऑगस्ट संपत आला होता. श्यामकांत ठणठणीत बरे होऊन काठीशिवाय बागेत फिरायला लागले होते, पण मधल्या काळात शुभदाच्या जुन्या शाळेने तिला विज्ञान शिकवायला बोलावून घेतलं होतं. तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. शाळेचं म्हणणं होतं की एप्रिलपर्यंत राहा, आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आत, म्हणजे सत्तावीस ऑक्टोबरपर्यंत, काय ते कळवा. देवस्थळी मंडळींचे पासपोर्ट जर्मन झाल्यापासून परतीच्या व्हिसाची घाईही उरली नव्हती. तिला परत आणू शकेल अशी एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे कुमारने 'ये' म्हणणं.

घोडं तिथेच अडलं होतं. कुमार मोटारींचे गिअरबॉक्स तपासायच्या कामावर होता. नुसत्या आवाजावरून आत कुठला दात झिजलाय ते तो बिनचूक सांगत असे. स्वतःच्या आत काय बिघडलंय ते मात्र त्याला उभ्या आयुष्यात कोणाला सांगता आलं नव्हतं. 'ये' म्हटलं तर तिच्या नोकरीच्या आड आल्यासारखं होईल, असं त्याला वाटे. म्हणून तो रोज फोनवर "इकडे सगळं मस्त चाललंय, तू काळजी करू नकोस," असं सांगे. आणि ते रोज ऐकून, आपल्यावाचून यांचं काहीच अडत नाही, असं शुभदाला मनापासून वाटू लागलं होतं.

हे सगळं समोर बसून पाहणारी एकटी ओवी होती. ओवी पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर ती जर्मनमध्ये देई. वाचकांच्या सोयीसाठी ते इथे मराठीत दिलं आहे.

"पापा, तू तिला 'ये' का नाही म्हणालास?"

"असं फोनवर कसं म्हणणार?"

"फोन त्याच्यासाठीच असतो."

"तुला नाही कळायचं. आमच्यात असं तोंडावर बोलत नाहीत गं."

"ती तुझ्या तोंडावर नाहीये. ती साडेसहा हजार किलोमीटर लांब आहे."

"मग लिहून पाठवतो," कुमार म्हणाला आणि खरोखरच लिहायला बसला. दोन दिवसांनी ओवीला एका तपासणी अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठ ओळी सापडल्या. त्यांना यमकं होती.

*तुझ्याकडे ऊन उतरते, माझ्याकडे ते चढते,*
*साडेतीन तासांचे अंतर रोज थोडे वाढते.*
*ये ना, ये ना, ये ना परत.*

पुढे एक ओळ खोडलेली होती. 'दोन घास तुझ्या नावाचे बाजूला मी काढतो' अशी ती होती. शुभदा हयात आहे हे लक्षात आल्यावर कुमारने ती स्वतःच खोडली होती.

ओवीने कागद दोनदा वाचला. मग ती खोलीत गेली आणि गिटार घेऊन आली. अर्ध्या तासात चाल तयार झाली. हळुवार, सोपी, कुणीही गुणगुणावी अशी चाल होती. फक्त ती कुमारने गुणगुणायची होती, ही अडचण होती.

"घरी नको," ओवी म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतील. गाडीत बसून रेकॉर्ड कर."

त्याप्रमाणे कुमार दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसला, गिटारचा आवाज फोनवर लावला, डोळे मिटले आणि गाऊ लागला. 'ये ना परत' या जागी आवाज वर न्यायचा होता. तो नेत असतानाच काचेवर जोरात थापा पडल्या.

"कुमार! कुमार, दार उघड! छातीत दुखतंय का?"

तो युर्गेन होता. कुमारचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. कुमार गातोय हे त्याला पटवून द्यायला काही मिनिटं गेली. बायको भारतात आहे, तिच्यासाठी गाणं आहे, रेकॉर्ड करायचं आहे, हे सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता युर्गेनचे डोळे पाणावले. तो त्याच्या गावच्या गेझांगफेराइनचा, म्हणजे दीडशे वर्षं जुन्या गायन मंडळाचा, अध्यक्ष होता. गाणं म्हटलं की तो विरघळत असे.

"गाडीत कसलं गातोस? मंगळवारी आमच्या तालमीला ये. हॉल आहे, आवाज घुमतो, माइक आहे. येशील?"

"या, गेर्ने!" म्हणजे 'हो, आनंदाने, नक्की!' असं कुमार म्हणाला.

आता इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे कोणी "या एकदा घरी" म्हटलं, की आपण "हो हो, नक्की!" म्हणतो आणि दोघंही समाधानाने आपापल्या वाटेला लागतो. त्यात येण्याजाण्याचा काही संबंध नसतो. कुमारचं 'नक्की' त्याच जातीचं होतं. पण युर्गेनने खिशातून डायरी काढली, मंगळवारच्या पानावर 'साडेसात, कुमार' असं लिहिलं आणि सोमवारी हॉलचा नकाशाही पाठवला. गाडी कुठे लावायची त्या जागेवर त्याने फुली केली होती. आता न जाणं शक्यच नव्हतं.

मंडळात चौतीस जण होते आणि बहुतेकांनी साठी ओलांडली होती. फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्नोडलर नावाच्या निवृत्त संगीतशिक्षिका सर्वांना शिकवत. कुमारने आपलं गाणं त्यांच्यासमोर म्हटलं. मग त्यांच्या आग्रहावरून एकेका ओळीचा अर्थ सांगितला. ऊन, साडेतीन तास, ये ना परत. पुढच्या रांगेतल्या दोघी बायकांनी रुमाल काढले.

"शब्द सुंदर आहेत," फ्राऊ क्नोडलर म्हणाल्या. "चालही सुंदर आहे. गाणारा बदलायला हवा."

पुण्याच्या पाट्या वाचत लहानाचा मोठा झालेल्या कुमारलाही इतका स्पष्टपणा पेलवेना.

"हे गाणं आपलं मंडळ म्हणेल," बाईंनी निर्णय दिला. "चार आवाजांत बसवू. चालेल ना, श्रीयुत देवस्थळी?"

कुमारला फक्त तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग हवं होतं. तेही खासगी. चौतीस माणसांनी मिळून आपल्या बायकोला 'ये ना परत' म्हणावं, अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. पण चौतीस माणसं कौतुकाने बघत असताना नाही कसं म्हणायचं?

"या, गेर्ने," तो म्हणाला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. जर्मनीत ती गायन मंडळाचीही जवळची नातेवाईक आहे, हे कुमारला त्या संध्याकाळी कळलं. लगेच हात वर करून मतदान झालं. तेहतीस मतं बाजूने पडली. विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर मत न देणारे एक आजोबा तटस्थ राहिले. गाणं मंडळाच्या शरद मैफलीत शेवटी घ्यायचं ठरलं. मैफल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सव्वीस तारखेला, दुपारी तीन वाजता होती. नंतर कॉफी आणि केक.

"आणि मी?" कुमारने विचारलं.

"तुम्ही कवी. तुम्ही सुरुवातीला माइकवर दोन वाक्यं बोलायची. नंतर तिसऱ्या रांगेत उभं राहायचं, तोंड उघडायचं, मिटायचं. आवाज नको."

मग दर मंगळवारी कुमार मराठीचा मास्तर झाला. 'तुझ्याकडे' मधला 'झ' कुणाच्या जिभेवर बसेना आणि 'वाढते' मधला 'ढ' कुणाला सापडेना. पण 'ये ना, ये ना' हे मात्र पहिल्याच दिवशी इतकं गोड जमलं की फ्राऊ क्नोडलर खूश झाल्या. मंडळाने पोस्टर छापलं. त्यावर 'भारतातून आलेलं विरहगीत, शब्द: कुमार देवस्थळी' असं होतं, आणि खाली कंपनीच्या ओळखपत्रावरचा कुमारचा फोटो. त्या फोटोत तो मुळातच दुःखी दिसत असे. पोस्टर बेकरीत लागलं, बँकेत लागलं, दाताच्या डॉक्टरांकडेही लागलं. बेकरीतल्या बाई कुमारला पिशवीत ब्रेत्सेलचा एक खारा पाव जास्तीचा घालू लागल्या. "धीर धरा हं," असं त्या वर म्हणत.

थोडक्यात, कुमारला बायकोची आठवण येते हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शुभदाला. तिच्यासाठी ही गंमत गुपित ठेवायची, असं कुमार आणि ओवीने ठरवलं होतं.

"मंगळवारी कुठे असता रे तुम्ही? फोन लागत नाही," शुभदाने एकदा विचारलं.

"असंच. जरा काम असतं."

"दोघांनाही?"

"हो, म्हणजे... इकडे सगळं मस्त चाललंय. तू काळजी करू नकोस."

"काळजी कसली? छान रमलात की," शुभदा म्हणाली. मग म्हणाली, "शाळेतल्या बाई पुन्हा विचारत होत्या. सोमवारी हो म्हणून टाकते बहुतेक."

"अच्छा," कुमार म्हणाला. फोन ठेवल्यावर ओवीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट्याने भांडी घासायला उठला.

पण आता सगळी भिस्त गाण्यावर होती. मैफल रविवारी, शाळेला उत्तर सोमवारी. मैफल थेट इंटरनेटवर दाखवायची सोय युर्गेनने केली होती. मंडळात डेटलेफ नावाचे एक गृहस्थ ध्वनियंत्रणा सांभाळत. ते बोलत कमी आणि काटे बघत जास्त. लोकांनी दुरून लिहिलेल्या शुभेच्छा रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावर दिसतील, अशीही व्यवस्था त्यांनी केली. कुमारने सप्टेंबरातच सासऱ्यांना सगळं पाठवून ठेवलं होतं: 'बाबा, २६ तारखेला संध्याकाळी बरोबर साडेसहाला ही लिंक टीव्हीवर लावा. शुभदाला समोर बसवा. जरा गंमत आहे.' श्यामकांत वेळेच्या बाबतीत कडक. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आणि आठ शेजाऱ्यांना फराळाचं निमंत्रणही देऊन टाकलं.

रविवार उजाडला. रात्री जर्मनीतली सगळी घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती, त्यामुळे कुमारला एक तास जास्त झोप मिळाली. त्याने स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे केलं, शर्टाला इस्त्री केली आणि ओवीला घेऊन दीड वाजताच हॉलवर पोचला.

हॉलमध्ये मंडळाच्या बायका टेबलांवर केक मांडत होत्या. युर्गेन खुर्च्या मोजत होता. डेटलेफ मागे कानांवर हेडफोन लावून बसले होते.

"कुमार, माइकवर ये," त्यांनी हाक मारली. "आवाज तपासायचाय. काहीतरी बोल."

"एक, दोन, तीन," कुमार मराठीत म्हणाला.

"आकडे नकोत. वाक्यं बोल. घरी बोलतोस तसं. भाषा कुठलीही चालेल."

कुमारने समोर पाहिलं. रिकाम्या खुर्च्या होत्या, केक होते, आणि मराठीचं अक्षर न समजणारी दहाबारा माणसं होती. ओवी बाहेर गाडीतून गिटार काढत होती.

"शुभदा, चहा झाला का?" तो म्हणाला.

"थोडं मोठ्याने. आणि सलग."

"शुभदा, मी रोज सांगतो ना, इकडे सगळं मस्त चाललंय म्हणून? ते खोटं आहे."

"गेनाऊ. असंच. चालू ठेव."

आता कुणाला काही कळत नाहीये म्हटल्यावर माणसाची जीभ सैल सुटते. कुमारची तर वीस वर्षांची तुंबलेली होती.

"काहीच मस्त नाहीये. ओवी दोन महिने पास्ता खातेय. तुझी तुळस जुलैमध्येच मेली. तुला व्हिडिओवर लांबून दाखवतो ती सुपरमार्केटमधली बेसिल आहे. मी सॉक्स धुवायला टाकायला विसरतो, मग नवीन आणतो. कपाटात सव्वीस जोड झालेत. संध्याकाळी घरी आलो की मी आधी तुझ्या चपला ठेवायच्या जागेकडे बघतो. का बघतो ते मला माहीत नाही. रोज बघतो."

"छान. माइकपासून इतकंच अंतर ठेव," डेटलेफ काट्यांवरून नजर न उचलता म्हणाले.

"तुला बरं वाटेल तसं कर असं म्हणालो ना मी? तेव्हा मला ते म्हणायचंच नव्हतं. मला म्हणायचं होतं, ये. तुझी शाळा चांगली आहे, तू तिथे खूश आहेस, सगळं कळतंय मला. इकडची शाळा शोधू, मी पन्नास अर्ज भरतो तुझ्यासाठी. पण ये."

"शेवटचं वाक्य परत एकदा. तिथे आवाज पडला."

"ये."

"आणखी मोठ्याने."

"परत ये गं, शुभदा! मला करमत नाही तुझ्याशिवाय!"

"डांके. पेर्फेक्ट," डेटलेफ म्हणाले.

केक कापणाऱ्या एक बाई दुसरीला म्हणाल्या, "या लोकांची भाषा किती मृदू असते, नाही? काय सांगत असेल?" दुसरी म्हणाली, "सूचना असतील. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं वगैरे."

कुमार खाली उतरला. त्याला एकदम हलकं वाटत होतं, आणि भूकही लागली होती. तेवढ्यात युर्गेन कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन आला. त्याच्या कपाळावर आठी होती.

"कुमार, एक चूक आहे. गाण्यात आपण साडेतीन तास म्हणतो. पण तुमच्याकडे घड्याळ बदलत नाही ना? मग काल रात्रीपासून अंतर साडेचार तासांचं झालं. आज साडेतीन म्हणणं बरोबर नाही."

"हो, खरंच की," कुमार हसत म्हणाला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. अंतर साडेचार तासांचं. म्हणजे पुण्यातले साडेसहा म्हणजे इथले तीन नव्हेत. इथले दोन. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"डेटलेफ," त्याने विचारलं, "इंटरनेटवर कधी सुरू होणार आपलं?"

"सुरूच आहे की. दोन वाजल्यापासून चाचणी चालू केलीय. एक ठिकाण जोडलेलंही आहे. एवढ्या लवकर कोण बघतंय याचं मलाही नवलच वाटत होतं."

ज्या माणसाने दोन घड्याळांमधल्या अंतरावर अख्खं गाणं लिहिलं, त्याच्या नेमकं तेच ध्यानात राहिलं नव्हतं.

तिकडे पुण्यात श्यामकांतांच्या दिवाणखान्यात नऊ माणसं हातात चिवड्याच्या बशा घेऊन निश्चल बसली होती. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्या. जर्मन कार्यक्रम असाच असेल, म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. मग जावई स्वतः पडद्यावर आले आणि बोलू लागले. आधी वाटलं प्रास्ताविक आहे. तुळस मेल्याचं कळल्यावर शेजारच्या काकूंनी "अगंबाई!" म्हटलं. चपलांपाशी सगळे बशीत बघू लागले. शेवटच्या वाक्याला शुभदा स्वयंपाकघराच्या दारात लाडवांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला.

"चिवडा घ्या ना अजून," श्यामकांत म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

इकडे कुमारने फोन काढला. शुभदाचा काही निरोप नव्हता. सासऱ्यांचा होता: 'कुमारराव, आवाज नीट येतो आहे. चित्रही स्पष्ट आहे. पुढचे चालू द्या.'

त्याने शुभदाला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"काय झालं?" ओवी धावत आली. कुमारने सांगितलं. ऐकता ऐकता ओवीने तोंडावर हात घेतला.

"सगळं? तुळससुद्धा?"

"तुळससुद्धा. सगळ्यांच्या देखत. तिला असं चारचौघांत काही आवडत नाही गं. आता ती एप्रिलच काय, कधीच यायची नाही."

"पण पापा," ओवी म्हणाली, आणि ती पुढचं चक्क मराठीत बोलली, "तू बोललास ना शेवटी."

तीन वाजले. हॉल भरला. दीडदोनशे माणसं असतील. बेकरीतल्या बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मंडळाने द्राक्षांच्या मळ्यांवरची गाणी म्हटली, शिकाऱ्याचं गाणं म्हटलं, आणि शेवटी युर्गेनने कुमारचं नाव पुकारलं. कुमार माइकपाशी गेला. जर्मनमधली दोन वाक्यं त्याने कशीबशी म्हटली आणि तो तिसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.

गिटार सुरू झालं. ओवीच वाजवत होती. फ्राऊ क्नोडलरनी हात उचलले आणि तेहतीस जर्मन माणसं नरम आवाजात गाऊ लागली, 'तुझ्याकडे ऊन उतरते.' युर्गेनच्या आग्रहामुळे सगळ्यांनी 'साडेचार तासांचे' असं म्हटलं. कुमार तोंड उघडत होता आणि मिटत होता. आत काहीच नव्हतं. त्याला फक्त सोमवार दिसत होता.

पहिलं कडवं संपलं आणि प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. लोक कुमारच्या डोक्यावरून मागे बघत होते. फ्राऊ क्नोडलरही हात हलवता हलवता मागेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर न वाचता येणारं काहीतरी वाचायचा प्रयत्न दिसत होता. ओवीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. ओठ हलवत एकेक अक्षर लावलं. मराठी वाचायला तिला वेळ लागत असे. मग ती एकदम ताठ झाली आणि डोळे मोठे करून कुमारला खुणावू लागली. मागे बघ. मागे बघ!

जर्मन गायन मंडळात गाणं चालू असताना प्रेक्षकांकडे पाठ करणं हा गुन्हाच आहे. कुमारने तो केला. मागच्या पडद्यावर, दोन भल्या मोठ्या ओळींत, साऱ्या हॉलला दिसेल पण त्या दोघांशिवाय कुणालाही कळणार नाही असं मराठीत लिहिलेलं होतं:

'शाळेला नको म्हणून कळवलं. शुक्रवारी सकाळी पोचते, फ्रँकफर्टला न्यायला ये. बाकीचं घरी बोलू. आणि तू गात नाहीयेस, मला दिसतंय. नुसतं तोंड हलवू नकोस. गा.'

कुमार पुन्हा समोर वळला. फ्राऊ क्नोडलरनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, कारण त्याने घेतलेला श्वास त्यांना दिसला होता. उपयोग झाला नाही. 'ये ना' आलं आणि कुमार गायला. मोकळ्या गळ्याने, डोळे उघडे ठेवून, मंडळाच्या सुरापेक्षा चांगलाच वर. त्याच्या शेजारचा युर्गेन आधी दचकला, मग तोही त्याच्या सुरात गेला. त्याच्यामागे उरलेले पुरुष गेले. बायकांनी थोडा वेळ मूळचा सूर धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि मग त्यांनीही नाद सोडला. फ्राऊ क्नोडलरनी डोळे मिटून घेतले, पण हात थांबवले नाहीत. बेकरीतल्या बाई ढसाढसा रडत होत्या.

पुण्यात दिवाणखान्यात शुभदा वडिलांच्या शेजारी सोफ्यावर बसली होती. तिच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात रिमोट.

"बेसूर गातायत गं," श्यामकांत हळूच म्हणाले.

"हो," शुभदा म्हणाली, आणि तिने आवाज आणखी वाढवला.